हरकती व सूचना

विधेयकाचा मसुदा आला मंगळवारी,
बत्तीस पानं. मुदत तीस दिवस,
त्यातले अकरा टपालातच संपलेले.
मुख्याधिकारी म्हणाले, नाबरबाई,
आपल्या वेंगुर्ल्यावर काय येतं तेवढं काढा.

कलम नऊ, पोटकलम ख:
किनाऱ्यालगतची रिकामी जागा शासनजमा.
व्याख्यांच्या पानावर सव्वीस शब्द होते,
'रिकामी' नव्हता.

दुपारी टेप घेऊन गेले.
खरंच रिकामी होती.
वाळूत खुंट्यांची भोकं, मिठाचा पांढरा डाग,
एक कुत्रा, कुणाचीच वाट न बघणारा.
उलट्या होडीच्या सावलीतून पावलीन म्हणाली,
"आता काय बघतास? फाटफटीक येवा.
पाय ठेवूक जागा गावाची नाय."

गेले.
टेपचं दुसरं टोक धरायला
कुणाचा हात मोकळा नव्हता.

हे कार्यालयीन भाषेत कसं मांडायचं?
'सदर जागा पहाटे चार ते नऊ भरलेली असते'
लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.

सभेत ठराव चहाआधीच मंजूर;
गटाराच्या विषयाला दोन तास लागले.
जावक क्रमांक चारशे बारा, रजिस्टर पोस्टाने.

उत्तर आलं, दोन ओळींचं:
आपली हरकत नोंदवून घेण्यात आली आहे.
विधेयक पुढल्या अधिवेशनात.

टेप गुंडाळताना बघते,
बावीस मीटरच्या आकड्यावर
एक खवला चिकटलाय.
नखाने निघत नाही.