पासंग

चौतीस वर्षं मी वजनमापं तपासली,
बीड, केज, धारूर, परळीचा मोंढा.
लाकडी पेटी, आत निळी मखमल,
एकेक पितळी वजन आपापल्या खणात निजलेलं.
चिमट्यानं उचलायचं, बोट लावायचं नाही;
घामालाही वजन असतं,
हे नव्या शिपायाला पहिल्याच दिवशी सांगायचो.
वर्षातून एकदा ती पेटीच औरंगाबादला जायची,
तपासणाऱ्याची वजनं तपासायला.
मी स्टँडवर तिला पोचवून परत यायचो.
मला कुणी कुठं पाठवलं नाही.

धारूरच्या बाजारात, घाट चढून आल्यावर डाव्या हाताला,
हलीमाबी सीताफळं घेऊन बसायची.
तिच्या तराजूच्या एका साखळीला चिंधी,
चिंधीत खडा, हरभऱ्याएवढा.
मी ती गाठ वर धरली,
भोवतीच्या सगळ्यांना दिसेल अशी.
"साहेब," ती म्हणाली, "आदी रिकामा धरून बघा."
जीप उन्हात तापत होती,
अजून दोन गावं करायची होती,
आणि खरं सांगायचं तर
बघ्यांसमोर मी मला बरा दिसत होतो.
पंचनामा. पावती. तराजू जप्त.
तिनं अंगठा दिला, बोट पदराला पुसलं,
आणि उरलेली सीताफळं नगावर विकायला काढली.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात
कोठी रिकामी करताना तो सापडला,
माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट.
खिळ्याला अडकवला. आसपास कुणी नव्हतं.
पारडी हलली, डुलली, थांबली.
डावं बोटभर खाली.
उजव्या साखळीला चिंधी बांधली.
काटा उभा राहिला, हलेना.

तराजू वाकडाच जन्मला होता.
तिला ते ठाऊक होतं, म्हणून तो खडा.
मी खोट म्हणून पकडली
ती खोटीची डागडुजी होती.

धारूरला गेलो. तिच्या जागी एक पोरगा,
काट्यावर हिरवे आकडे.
"हलीमाबी? अंबाजोगाईला लेकीकडं असंल," एक जण म्हणाला.
"कवाच गेली ती," दुसरा.
कुठं, हे विचारायला जीभ उचलली नाही.

आता पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी
मी स्वतःला रिकामा धरून बघतो.
अवघड असतं.
कुणाचं तरी काहीतरी पारड्यात राहतंच.
सोपानचं सगळ्यांत जड:
आईच्या दवाखान्याला कुणी किती घातले
ते अकरा वर्षं तोललं,
दर वेळी तोच कमी भरला.
एकदा तेही उतरवून ठेवलं.
आत काही नसतानाही
दांडी माझ्या बाजूला झुकलेली.
फार नाही. बोटभर.
एवढ्यात एक धाकटा भाऊ अकरा वर्षं कमी भरतो.

वाटायचं, असं काही कळलं की
आत दिवा वगैरे लागत असेल.
पोटात खड्डा पडला,
मग भूक लागली,
येसराशी शिळी भाकर खाल्ली.
सुधारलो, असं म्हणवत नाही.
झुकणं तसंच आहे, दांडी घडली तेव्हाचं.
खडा कुठल्या साखळीला बांधायचा,
तेवढं कळलंय. तेही कधी कधी विसरतो.

रविवारी सोपानला फोन लावला.
काय बोलावं सुचेना.
"तुझ्याकडं पाणी किती दिवसाला येतं?"
"आठ."
बऱ्याच वेळानं म्हणाला, "तुमच्याकडं?"

काल धुणं धुताना कौसल्येला
माझ्या सदऱ्याच्या खिशात ती चिंधी लागली.
"हे काय, फेकू का?"
"राहू दे. पासंग आहे."
"कशाचा?"
मी बादली उचलली,
आणि वाळत घालायला गच्चीवर गेलो.