झाखरचं तळं

फेब्रुवारीतली शुक्रवारची सकाळ.
परकारची जुनी कोरोला वाळूच्या कडेला, डिकी उघडी.
थर्मासात चहा, कागदात गुंडाळलेली घावनं,
आणि समोर, गावी सांगून कुणाला पटणार नाही असं
पाणी.

लव्हाळ्यांत वारा शिरतो तेव्हा
आधी शेंडे हलतात, मग सावल्या.
एक शेकाट्या काडीसारखे लाल पाय
मोजून मोजून टाकतोय,
जणू उसने आणलेत.

परकार म्हणतो, "हे आपलंच पाणी."
खरं आहे.
अल ऐनच्या न्हाणीघरांतलं, हॉटेलांच्या मोऱ्यांतलं,
आठवडाभर आम्ही प्लांटवर ढवळतो, गाळतो,
रात्रपाळीत त्याचे आकडे वहीत लिहितो.
बागांना पाजून उरलेलं
वाळूखालून झिरपत येतं, आणि इथे
तळं म्हणवून घेतं.

गाफच्या झाडाला पोपटी पालवी.
दोन महिन्यांनी इथे उभं राहवणार नाही.

मी बूट काढतो.
पाणी घोट्यापर्यंत, गार.
नाक सवयीने काहीतरी हुंगत राहतं.
"आज ड्युटी नाही तुझी," परकार हसतो.

शेकाट्या उडतो.
पाय मागे लोंबत राहतात,
आवरायचे राहून गेल्यासारखे.