सांडलं

माझ्या वहीत म्हशीला नंबर आहे,
सकाळ-संध्याकाळच्या लिटरला रकाना आहे,
सरकी, भुसा, गोचिडाचं औषध,
आटलेल्या म्हशी नेणाऱ्या ट्रकचं भाडंसुद्धा.
रेडकाला रकाना नाही.
आरेच्या आमच्या युनिटात रेडकू म्हणजे
म्हैस पान्हावेपर्यंतचं काम.
नंतर कोपरा, ओल, हगवण,
आणि एखाद्या सकाळी पोत्याचं तोंड बांधताना
लालबिहारी माझ्याकडे बघत नाही.

पौषात दोनशे चौदा नंबर व्याली. पहाटे पावणेचार.
पारडी. कपाळावर पांढरा ठिपका,
कुणी पावडरचं बोट टेकवून पुसायचं विसरावं तसा.
चीक आधीच बोललेला होता:
पार्ल्याची तीन बिऱ्हाडं
वेलची कुटून बसलेली खरवसासाठी.
लालबिहारी म्हणाला, "बाई, दो घंटे.
तेवढ्यात पोटात गेला तर गेला.
नंतर अमृत पाजलं तरी उपयोग नाही."

बावीस वर्षं हिशेब लिहिते मी,
इकडचा पैसा तिकडे झालेला नाही.
त्या पहाटे लिहिलं:
दोनशे चौदा. चीक, दोन लिटर. सांडला.

मग रोजच सांडायला लागलं.
नाळेला आयोडीन लावायला शिकले,
बादलीत बुडवलेलं बोट तिच्या तोंडात द्यायला;
जीभ खरखरीत, ओढ अशी की
खांद्यापर्यंत जावी.
दूध कोपरावर थेंब टाकून बघायचं,
तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं.
दहाव्या दिवशी जंताचं औषध,
अर्धं माझ्या पदरावर.
(ते खरंच सांडलं. त्याची नोंद नाही.)

फिल्मसिटीमागे फेकलेली राजवाड्याची भिंत
लालबिहारीनं ओढत आणली:
प्लायवूड, सोनेरी वेलबुट्टी,
एक खोटी खिडकी, खिडकीत खोटा चंद्र.
तिच्या आडोशाला कोरडी जमीन, चुना, पेंढा.
लाडकी हाडळ पाड्यावरून कोवळं गवत टाकून जायची,
बदल्यात पाटीभर शेण.
एका रात्री बिबट्या भिंतीला अंग घासून गेला.
सकाळी चंद्रावर चिखल,
आणि आत ही, रिकामी बादली ढुशा देऊन वाजवत.

हगवण तिलाही लागलीच.
मीठ-साखरेचं पाणी, तासातासाला, बाटलीनं.
त्या रात्री लालबिहारी म्हणाला,
"माझी पोरगी नऊ वर्षांची झाली जौनपूरला.
तिला मी एकूण किती दिवस पाहिलं,
जरा हिशेब करून द्या."
मी केला.
सांगितला नाही.

धनजीशेठनं महिनाअखेरीस बोट ठेवलं रकान्यावर.
"साटमबाई, रोज तीन लिटर? हात थरथरतात तुमचे?"
मी गप्प.
तो मागे गेला. खोट्या खिडकीशी बराच वेळ उभा.
परत आला, माप उचललं,
नेऊन तिच्या बादलीत तिरकं केलं.
"लिहा," म्हणाला, "सांडलं.
आणि जरा अक्षर नीट काढा."

दोनशे चौदा आटली, ट्रकमधून गेली.
भाडं माझ्याच हातानं लिहिलं.
पारडीची वगार झाली;
छातीला टेप लावायचो दर महिन्याला,
आकडे भिंतीवरच, वेलबुट्टीच्या मधोमध.
दलाल आला, दातांत काडी: "हिचे किती?"
शेठ म्हणाला, "वहीत बघा."
त्यानं पानं उलटली, पुन्हा उलटली.
वहीत ती नव्हतीच.

काल ती व्याली. पहिलटकरीण,
अंगाला हात लावू देईना,
फक्त माझं बोट चाटलं.
पिलू ओलं, कान लोंबते, पाय चार दिशांना;
लालबिहारी गुडघ्यांवर बसून
त्याला आचळाशी नेत होता,
तेवढ्यात पार्ल्याहून फोन.
"बाई, चीक आहे ना?"
मी वही उघडली नाही.
म्हटलं, सांडला.