एकक नसलेला रकाना

क्लाक्सविकच्या धक्क्यावर दोर तोडायची एक शेड आहे.
तोडायची. वळायची नाही.
दोन टोकं यंत्राच्या जबड्यात द्यायची,
चाक फिरवत राहायचं,
आणि तुटला तेव्हा काटा कुठे होता
तेवढं वहीत टिपायचं.
चार वर्षं हेच करते मी.

यंदा वरून पत्र आलं:
जुन्या सगळ्या वह्या न्यूटनमध्ये आणाव्यात.
सोपं आहे.
किलोपॉन्ड असेल तर गुणिले नऊ पूर्णांक आठ शून्य सहा सहा पाच,
पौंड असेल तर चार पूर्णांक चार चार आठ,
हातचा सुटू द्यायचा नाही, बस्स.
न्यूटन तसा चणीने लहान.
तळहातावर छोटं सफरचंद जितकं खाली दाबेल, तितका.
आमच्या बेटावर सफरचंदं बोटीतून येतात
आणि महाग पडतात,
म्हणून शाळेतली पोरं बघायला आली की
मी बटाटा देते हातात.

बासष्टची वही. पानांना चरबीचा वास.
ओळ सतरावी:
मनिला दोर, अठरा मिलिमीटर, वापरलेला,
बोट टेर्नान,
तुटला: २१४०.
पुढे काही नाही.

वरच्या सोळा ओळींनाही नव्हतं काही.
सगळ्यांना माहीतच असणार तेव्हा,
जसं घरात कुणी 'ते आले' म्हटलं
की कोण ते विचारावं लागत नाही.

पण अठरा मिलिमीटरचा कोरा दोर
तुटतो साधारण एकवीसशे किलोपॉन्डला.
म्हणजे ज्याने हा आकडा किलोपॉन्ड समजून वाचला
त्याला दोर नव्यासारखा वाटला असेल.
पौंड असतील तर निम्म्याहून कमी.
मी पेन खाली ठेवलं.
चर्चच्या भिंतीवर, पितळी पाटीवर
टेर्नानचा यालमार आहे, फेब्रुवारी त्रेसष्ट,
वय एकवीस.
दोर तुटला, एवढंच सांगतात.

अक्षर ट्रोंडुरचं होतं.
तो शहाऐंशीचा आहे, वृद्धाश्रमात,
खिडकीशी, गुडघ्यावर घोंगडी.
वही मांडीवर ठेवली तर
बोटाने ओळ चाचपत राहिला.
"काटा इंग्रजी होता. पौंड. सगळ्यांना ठाऊक होतं."
"नवीन कप्तानालाही?"
बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं.
"तुझ्या मापात किती होतात?" त्याने विचारलं.
"नऊ हजार पाचशे एकोणीस."
"आणि त्याला वाटले असतील ते?"
"वीस हजार नऊशे शहाऐंशी."
तो दोन्ही आकडे ओठांतल्या ओठांत म्हणाला,
आणि मग माझं मनगट धरलं.
ओढलं नाही, नुसतं धरलं,
पण त्यात ओढ होती.
आमच्या यंत्रावर ती मोजता आली नसती,
काटा जागचा हलला नसता.

"शाळेत मास्तर अर्धा गुण कापायचे," तो म्हणाला,
"एकक विसरलं की.
मला वाटायचं, मास्तर खडूस आहेत."

संध्याकाळी शेडमध्ये परत आले.
दिवा लावला.
सतराव्या ओळीसमोरचा नवा रकाना रिकामा होता.
आधी एकक लिहिलं.
मग आकडा.
मग शाई वाळेपर्यंत थांबले,
का कोण जाणे, वाळली तरी थांबले.
अठरावी ओळ साखळीची होती.