वाटणीची जागा

मागचे आठ स्क्रू काढले तेव्हा पेटीतून
मेंढीच्या लोकरीचा वास आला, आणि थोडा बाबांच्या पाइपचा.
लोकर त्यांनीच कोंबलेली, लेमविगच्या वरच्या शेतावरून आणून,
माझ्या जन्माच्या वर्षी.

पेटी मोडायची नव्हती. फक्त क्रॉसओव्हर काढायचा होता.
एक फळी. तिच्यावर दोन कॉइल, पिवळे कपॅसिटर,
मेणात बुडवलेल्या सुतळीने बांधलेले.
भरल्या ताकदीने आलेला आवाज इथे अडायचा,
त्याची वाटणी व्हायची:
खर्ज वूफरकडे, टिपेचे सूर ट्वीटरकडे,
आणि जे कुणालाच नको ते रेझिस्टरमध्ये जळून जायचं.
फळी तिथे काळवंडलीय.

ह्यावरूनच भांडले होते मी, एकोणीस वर्षांची असताना.
वाटणी आधी करा, म्हटलं होतं.
आवाज अजून लहान असतो, ओंजळीत मावेल एवढा,
तेव्हाच त्याचे भाग पाडा,
मग ज्याला त्याला आपापला अॅम्प्लिफायर.
मोठा झाल्यावर तोडलं की नुसती आग होते.
बाबा म्हणाले, चार अॅम्प्लिफायर? विजेचं बिल तू भरणार?
मग बऱ्याच वेळाने, पाइप ठोकत,
चार चुली मांडून कुणाचं भलं झालंय, रॅग्नहिल्ड.
मी रागाने मोजमापं घेतली. ग्राफ काढून समोर ठेवला.
त्यांनी तो पाहिला, नीट घडी घातली,
आणि कॉफीचं आधण ठेवलं.

आज दिसलं: ट्वीटरच्या वाटेवर
सोल्डरवर सोल्डर चढलंय, जुन्या जखमेसारखं.
बाजूला पेन्सिलने, त्यांच्या तिरक्या आकड्यांत,
१९७४, साडेचार ओहम.
१९९३, अडीच. (माझ्या ग्राफनंतरचा हिवाळा.)
२००६, एक.
त्याखाली रेझिस्टरच नाही. नुसती तार. तारीखही नाही.

आम्हाला वाटायचं, ते सूर सुधारतायत.
आई ओरडायची, टोर्किल्ड, चमचे वाजतायत नुसते!
ते म्हणायचे, आता कुठे बरोबर आलंय.
फ्योर्डवरच्या टिटव्या ह्या वर्षी कमी आल्या,
असंही म्हणायचे, दर वर्षी.

व्हॉल्यूमचं बटण मात्र तेच राहिलं.
त्यावर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका,
रात्री नऊनंतर ह्याच्या पुढे नाही.
ठिपक्याच्या खूप अलीकडे, अगदी सुरुवातीला,
आतले दोन पट्टे जुळायचे नाहीत.
डावा आधी जागा व्हायचा. उजवा अंथरुणातच.
त्यामुळे अकराचा समुद्राचा हवामान-अंदाज
एकट्या डाव्या स्पीकरमधून यायचा, कुजबुजत.
आईची खुर्ची डावीकडे.
तिचा भाऊ एस्बेन बोटीवर, उत्तरेच्या समुद्रात.
आवाज बंद होईपर्यंत ती विणकाम थांबवायची.
हा स्वस्त पोटेन्शिओमीटरचा दोष आहे,
असं मी तिला एकदा समजावूनही सांगितलं होतं.

आता टेबलावर माझी जोडणी आहे. आधी व्हॉल्यूम,
मग वाटणी, मग चार अॅम्प्लिफायर.
व्हॉल्यूम रिलेचा आहे: टिक, टिक,
दोन्ही बाजूंत केसाचा फरक नाही.
ट्वीटरच्या पातळीसाठी एक बारकं बटण वेगळं,
आणि सकाळपासून मी तिथेच अडलेय.
माझ्या कानांना रुचेल तिथे लावलं. मोजलं. रेषा सरळ आली.
मग बाबांच्या तारेइतकं वर नेलं.
दात शिवशिवत होते, तरी रेकॉर्डची एक अख्खी बाजू ऐकली.
शेवटी परत खाली आणलं.
झाकणाच्या आतून पेन्सिलने तारीख घातली, पातळी लिहिली.
खाली चार बोटं जागा सोडली.

रात्री अकराला रेडिओ लावला, अगदी पहिल्या टिकवर.
वारा वायव्येकडून, लाटा दोन मीटर.
दोन्ही स्पीकर एकदमच बोलले,
आणि आवाज खोलीच्या बरोबर मधोमध आला,
जिथे कुणी कधीच बसत नव्हतं.