फळीशिवाय

बल्ब तेच असतात. मी फक्त रंग बदलतो.
एक जूनला, आरमाराच्या दिवशी, धक्क्यावर पांढरे,
सोळा जुलैला कार्मेनची माता होडीत बसून
खाडीभर फिरते, तेव्हा निळे,
आणि सप्टेंबर लागला की हिरवा, पांढरा, लाल,
हिरवा, पांढरा, लाल,
बोटांना इतकं पाठ की झोपेतही वायर गुंडाळतो.
नगरपालिकेचा वायरमन मी, एलेउतेरियो.
बोका दे सान तेल्मोचे सगळे सण शिडीवरून पाहिलेत,
म्हणजे डोक्यांवरून: टकलं, टोप्या, फिती,
बापांच्या खांद्यावर झोपलेली पोरं.

आमच्याकडे देव आणि देश एकाच मांडवात बसतात.
बँड एकच. ट्युबावाला एकच, दम्याचा,
राष्ट्रगीताला उशिरा पोचतो, प्रार्थनेला आधीच.
वीस नोव्हेंबरला बालवाडीची क्रांती निघते
कोळशाच्या मिशा लावून,
चौकात येईस्तोवर मिशा हनुवटीवर.

जूनमध्ये फुलांची चक्रं सोडतात समुद्रात
बुडालेल्या खलाशांसाठी. कप्तान यादी वाचतो.
दोन्या एदुवीहेस धक्क्यावर उभी होती,
हातातल्या पिशवीत चिंचेच्या गोळ्या, विकायच्या.
तिच्या निकांद्रोचं नाव यादीत नव्हतं.
'ला पेरेग्रीना' ऑक्टोबरात कोळंबीला गेली ती गेलीच,
पण फळी सापडली नाही, चप्पल सापडली नाही,
आणि बंदर कचेरीच्या नियमाप्रमाणे
फळीशिवाय माणूस बुडत नाही.
"मग जिवंत लिहा," ती म्हणाली होती.
"त्यालाही पुरावा लागतो, दोन्या."

पंधरा सप्टेंबर. रात्रीचे अकरा.
पाऊस नुकता थांबलेला, माळ ठिबकतेय,
मी शिडीवर, एका हाताने फ्यूज दाबून,
कारण गेल्या वर्षी ऐन घोषणेला अंधार झाला
आणि लोक अजून मला त्याच नावानं हाक मारतात.
सज्ज्यात नगराध्यक्ष आले. नवा कोट, काखेत घाम, हातात झेंडा.
घंटा.
मग नावं, दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्यांची, एकेक,
आणि प्रत्येक नावाला खालून चौक: व्हिवा!
व्हिवा म्हणजे जगो.
मेलेल्यांनाच म्हणतात ते. जगणाऱ्याला कोण म्हणतंय.

नगराध्यक्ष श्वास घ्यायला थांबले. एवढीच फट.
त्या फटीतून तिचा आवाज, मासळीबाजारातला, चढा:
"व्हिवा निकांद्रो!"

चौकाला विचार करायला उसंत नव्हती.
व्हिवा! म्हणाला चौक, सवयीनं,
मक्याची कणसं चघळणाऱ्या, शिट्ट्या फुंकणाऱ्या हजार तोंडांनी.
आरमाराच्या पोरांनी सलाम ठोकला.
मग कळलं. काहींना आधी, काहींना नंतर,
लाट किनाऱ्याला तिरकी लागते तसं.
ट्युबावाल्यानं टोपी काढली.
नगराध्यक्षांनी कागदात ते नाव शोधलं,
उलटून पाहिलं,
आणि खरं सांगतो, घंटा पुन्हा वाजवली.
मी फ्यूज घट्ट धरला. तेवढंच माझ्या हातात होतं.

सतराला कचेरी उघडली.
पेन्शनच्या अर्जासाठी दोन्या पुन्हा खिडकीशी.
आत एर्मेलिंदा, घसा अजून बसलेला:
"परवा सगळ्या गावानं जगो म्हटलं. मीही म्हटलं.
आता मृत कसं लिहू?"
मी स्टुलावर, पंखा उघडून बसलेलो,
हसावं की नाही कळेना.
आधी दोन्याच हसली. बराच वेळ हसत राहिली,
लोकांनी वळून बघण्याइतका.
मग काउंटरवर चिंचेच्या दोन गोळ्या ठेवल्या,
एक तिला, एक वर मला.
तिखटात घोळलेल्या. नाकाडोळ्यांतून पाणी काढणाऱ्या.

अर्ज आहे तिथंच आहे.
वीस नोव्हेंबरला माळ परत चढवायची.
लाल बल्ब सात कमी पडतात.
मागणी लिहून दिली आहे.