तीन भाषांत थांब

अक्कलकोट रोडची एमआयडीसी, शेड नंबर दोन,
टॉवेलचं गोडाऊन.
नऊ वर्षं मी इथं फोर्कलिफ्ट चालवतो.
मागं घेताना ती पिंऽ पिंऽ करते
आणि सगळ्यांना वाटतं, झालं, सांगितलं ना.

पण आमच्याकडं निम्म्या माणसांचे कान
मागाला वाहिलेले.
नरसय्या येमुल चाळीस वर्षं खटखटीत उभा राहिला,
आता गाठींवर चिठ्ठ्या चिकटवतो.
त्याला हाक मारायची म्हणजे खांद्याला हात लावायचा.
खांदा लांब असेल तर हाक नाही.

हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असणं आणि दिसणं
यांच्यामध्ये गाठींची एक आख्खी थप्पी उभी असते.

एप्रिलातली दुपार. पत्रा असा तापलेला
की कडकड वाजायचा.
दारात कंटेनर, कंटेनरचा ड्रायव्हर घाईत,
सुपरवायझर मनगटावर बोट आपटत उभा.
वर कात्रीच्या पिंजऱ्यात इराण्णा बिराजदार
बंद पंख्यांवरची रुई झाडत होता.
कागदावर त्या मशीनचं नाव काहीतरी वेगळंच आहे,
उघडत उघडत वर जाते म्हणून आम्ही कात्री म्हणतो.
अंगात पट्टा, पट्ट्याचा हूक पिंजऱ्याला.
"अठरा फुटांसाठी एवढा साज?
वरातीला निघालास काय बे?"
सकाळी हे मीच म्हणालो होतो.

गाठी उचलल्या. समोरचं दिसेना, म्हणून मागं घेतली.
मागं घेताना मान वळवायची असते.
मी त्या मनगटाकडं बघत होतो.

नरसय्या वाकलेला.
एक चिठ्ठी चपलेच्या तळाला चिकटली होती,
चपल काढून, खाली ठेवून, नखानं सोडवत होता.

इराण्णा वरून ओरडला, थांब!
मग नरसय्याच्या तेलुगूत, आगु!
मग जीव घशाशी आल्यावर स्वतःच्या कानडीत, निल्लु!
तीन भाषा वरून पडल्या
आणि कॉम्प्रेसरच्या घरघरीत विरल्या.
एकाला ऐकू येत नव्हतं.
एक ऐकत नव्हता.

मग तो कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर झुकला
आणि हातातला टॉवेल त्यानं भिरकावला.
माझ्या टपाच्या सळ्यांवर पडून
अर्धा तोंडासमोर लोंबला.

ब्रेक.

मागच्या चाकात आणि नरसय्यात
एका चपलेचं अंतर होतं. अंदाज नाही सांगत,
चपल तिथंच पडलेली होती.
तो उभा राहिला, मला चिठ्ठी दाखवून हसला,
"निघाली एकदाची."

वर बघितलं.
इराण्णा कठड्याबाहेर पालथा लोंबत होता,
पायांची बोटं तेवढी सळीत अडकलेली,
पट्टा ताठ.
सकाळी मी ज्याला हसलो
त्या वीतभर लोखंडानं त्याला धरून ठेवलं होतं.

कंटेनर चाळीस मिनिटं उशिरा गेला.
कुणाचं काही बिघडलं नाही.

नंतर साहेब आले, पिवळे पट्टे आले,
कोपऱ्यावर फुगीर आरसा आला.
कात्री उभी असली की भोवती दोरी,
दोरीच्या आत मी नाही.
माझ्या गाडीला मागं एक निळा दिवा लावला,
गाडीच्या आधी त्याचा ठिपका फरशीवरून सरकत जातो.
नरसय्या म्हणतो, "हा मला ऐकू येतो."

त्यानंतर इराण्णानं ओरडणं सोडलं.
नुसता पंजा दाखवतो, सरळ, बोटं मिटून.
पंजाला कुठली भाषा विचारायची?

तो टॉवेल सेकंडचा होता, एक कड उसवलेली.
मी मागून घेतला, सीटवर घालून बसतो.
चावी फिरवायच्या आधी रोज उतरतो,
गाडीच्या मागं जाऊन उभा राहतो, बघतो.
पोरं हसतात, "काय देवदर्शन चाललंय?"
हसू देत.
बहुतेक दिवशी तिथं कुणीच नसतं.
तेच बघायचं असतं.